मऊ पाण्याची चूक

दाराशेजारच्या खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती. बाईंनी खुंटीकडे पाहिलं, मग खुंटीखालच्या चपलांच्या खणात वाकून पाहिलं, मग टेबलाशी पेपरात डोकं खुपसून बसलेल्या मुलाकडे पाहिलं. एरवी पेपर वाचताना त्याचा एक पाय सारखा हलत असायचा. आज पाय अगदी गप्प होता.

"किल्ली कुठंय?"

"आई, बस ना जरा."

"बसते. किल्ली कुठंय ते सांग, मग बसते."

"माझ्याकडे आहे," पेपर खाली न घेता तो म्हणाला. "आणि आता माझ्याकडेच राहील म्हणतो."

बाई बसल्या नाहीत. सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी उभ्याच राहिल्या. हे असं होणार याची कुणकुण त्यांना आठवडाभर होती. घरात सगळे त्यांच्याशी फार गोड बोलायला लागले होते.

बाईंनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली होती. गावातल्या निम्म्या लायसन्सांवर फोटो ज्याचा त्याचा असेल, पण पुण्याई बाईंची होती. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि बाई शेजारी, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. शिकवताना त्या कुणाचं नाव लक्षात ठेवत नसत, खोड लक्षात ठेवत. ज्याला हॉर्न वाजवल्याशिवाय चैन पडायची नाही तो हॉर्न्या. जी आरशात फक्त केस नीट करायला बघायची ती आरशी. पोटच्या पोरालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो क्लचवर ठेवलेला पाय उचलायचाच नाही. 'उचल' म्हटलं की उचलायचा आणि पुढचं वळण दिसलं की पुन्हा ठेवायचा. तेव्हापासून तो क्लच्या. आता त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते, ऑफिसात लोक त्याला साहेब म्हणत होते, पण बाईंच्या लेखी क्लच्या तो क्लच्याच.

गाडी शिकवायची शाळा बंद झाली, पाटी उतरली. गाडी मात्र बाईंनी ठेवली. शेजारच्या सीटपुढचा जादा ब्रेकही काढला नाही. त्या गाडीनं त्या दर आठवड्याला टेकडीवरच्या धाकट्या बहिणीकडे जायच्या. चढ अवघड, वळणं आंधळी, पण बाईंना तो रस्ता झोपेतही पाठ होता. मागच्या आठवड्यात त्याच चढावर गाडी तापली. काटा लाल रेघेला टेकला तशी बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेटखालून वाफ फुसफुसत होती तरी झाकणाला हात लावला नाही, आणि बांधावर सावलीत जाऊन बसल्या. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. पण येणारी-जाणारी माणसं थांबून सांगायला लागली, "आजी, कशाला या वयात गाडी चालवता?" गाड्या काय तरुणांच्या तापत नाहीत?

"हे बघ," मुलगा आता पेपर घडी घालत होता, "रेडिएटरमध्ये पाणी घालायला तू विसरलीस. होतं असं. गाडी गॅरेजमध्ये आहे, ती नीट झाली की विकून टाकू. मावशीकडे जायचं असेल तेव्हा मी सोडत जाईन."

"मी विसरले नाही. कूलंट बदललं तेव्हा निम्मं कूलंट, निम्मं पाणी, मोजून घातलं होतं. महिन्याला टाकी तपासत होते, लागेल तशी भरत होते."

"बरं. नसशील विसरली."

हे 'बरं' बाईंना फार झोंबलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. सून मनानं चांगली, आणि तीच खरी पंचाईत होती.

"आई, कुणी तुम्हाला दोष देत नाहीये," कप पुढे सरकवत ती म्हणाली. "आता वयच झालं. आराम करा की. आयुष्यभर कष्ट काढलेत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष दिला असता तर बरं झालं असतं. दोषाला उत्तर देता येतं, भांडता येतं. ही माफी म्हणजे मऊ उशीनं तोंड दाबणं होतं.

"चहा नको," त्या म्हणाल्या. "क्लच्या, ऊठ. गॅरेजला चल. गाडीला काय झालंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. विकायची का ठेवायची ते मग बघू."

तो उठला. आईचा हा आवाज आला की अजूनही तो उठायचा.

मुलाच्या नव्या गाडीत बाई शेजारच्या सीटवर बसल्या. प्रत्येक वळणाला त्यांचा पाय आपोआप पुढे जायचा आणि रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. मुलगा ते बघत होता आणि न बघितल्यासारखं करत होता. सिग्नलला थांबताना त्यानं उगाच जास्त अंतर ठेवलं. बाईंनी मनातल्या मनात त्याचे मार्क कापले.

गॅरेज हॉर्न्याचं होतं. आता त्याचं पोट सुटलं होतं, हाताखाली माणसं होती, पण बाई दिसल्या की तो हातातला पाना खाली ठेवून सरळ उभा राहायचा. त्यानं बाईंच्या गाडीतला रेडिएटर काढून बाकावर आडवा ठेवला होता. मुलाला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, तेवढी संधी साधून हॉर्न्या बाईंच्या कानाशी आला.

"बाई, साहेब आले की मी सांगतो, रेडिएटरच बोगस निघाला. नवीन होता, पण माल खराब. तुमच्यावर काही येत नाही. मिटलं."

"मिटलं काय? आधी खरं सांग, काय झालंय?"

हॉर्न्यानं मान खाजवली. मग बोटानं रेडिएटरच्या नळ्या दाखवल्या. ॲल्युमिनियमवर जागोजागी पांढरट भुकटी साचली होती आणि भुकटीखाली टाचणीनं टोचावीत तशी भोकं होती. "आतून खाल्लाय. खारं पाणी लागलं की असं होतं. समुद्रावर नेली होती का गाडी?"

"समुद्र कुठाय आपल्याकडे?"

"तेच तर. म्हणून म्हणतो, पाणी कुठलं घातलं होतं?"

बाईंना उत्तर तोंडपाठ होतं, कारण हे पाणी त्यांनी निवडून, पारखून घातलं होतं. त्यांच्या घरात पाणी हा एक भांडणाचा विषयच होता. नळाला येणारं पाणी इतकं जड की किटलीला आतून पांढरा थर धरायचा आणि तो चमच्यानं खरवडून काढावा लागायचा. ते गाडीत घालणं म्हणजे नळ्या बुजवणंच. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी त्यांना आधी बरं वाटलं होतं, पण त्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की चवीसाठी यात खनिजं परत मिसळली जातात. माणसाच्या चवीसाठी घातलेलं इंजिनाला कशाला? शाळेच्या दिवसांत त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणायच्या. ते दुकान बंद पडलं. आणि त्याच सुमारास सुनेनं गच्चीवर पाणी मऊ करायचं मशीन बसवलं. साबणाला भरपूर फेस, केस मुलायम, बादलीला डाग नाही. घरात त्या मशीनचं कौतुक एखाद्या जावयासारखं चाललं होतं.

तरी बाईंनी नुसत्या कौतुकावर विश्वास ठेवला नव्हता. प्रत्येक पाणी त्यांनी वेगळ्या पातेलीत आटवून पाहिलं. नळाच्या पाण्यानं तळाला कडक पांढरा थर सोडला. मशीनच्या पाण्यानं नुसती धुरकट झाक सोडली, ती बोटानं पुसली की गेली. झालं, बाईंनी निकाल दिला. बोट पुसलं ते पदराला पुसलं. चाटून पाहिलं नाही.

आणि आता बाकाशी उभ्या असताना त्यांना गच्चीवरच्या मशीनशेजारची पोती दिसायला लागली. मिठाची पोती. मुलगा महिन्याला एक फोडायचा आणि मशीनच्या पोटात ओतायचा, कंबर धरून कुरकुरत खाली यायचा. मशीन पाण्यातला जडपणा काढून घेत होतं आणि त्याच्या बदल्यात मिठातला अंश पाण्यात सोडत होतं. आंघोळीला ते चांगलंच. पण टाकीतली पातळी उतरली की बाई तेच पाणी वरून घालत राहिल्या होत्या, महिन्यामागून महिने, गरम इंजिनात, ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून.

"मीठ," बाई म्हणाल्या.

"काय?"

"घरच्या मशीनचं पाणी. मऊ पाणी. मऊ आहे म्हणून घातलं. मऊ आणि शुद्ध हे एकच धरलं मी." त्या क्षणभर रेडिएटरकडे बघत राहिल्या. स्वतःचाच राग आला त्यांना, चांगलाच आला. इतकी पारख केली आणि डोळ्यांसमोरची पोती दिसली नाहीत.

हॉर्न्यानं दाराकडे बघितलं. फोन संपवून मुलगा आत येत होता. "बाई, राहू दे," तो पुटपुटला. "बोगस माल म्हणतो मी. कशाला स्वतःहून हातात कोलीत द्यायचं?"

"गप्प बस. हॉर्न वाजवू नको." बाई वळल्या. "क्लच्या, ये इकडे. हे बघ. रेडिएटर मी खराब केला. आपल्या मशीनचं खारवलेलं पाणी घातलं त्यात. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी."

मुलानं सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात सुटका होती, आणि बाईंनी ती बरोबर ऐकली.

"बघ, आई, मी हेच म्हणत होतो."

"तू हे म्हणत नव्हतास. तू म्हणत होतास मी विसरले. मी विसरले नाही. मी विचार केला आणि तो विचार चुकला. ही चूक आहे, म्हातारपण नाही. माझी चूक मला देऊन टाक. ती म्हातारपणाच्या खात्यात टाकू नकोस."

"आई, तेच ते."

"तेच ते नाही." बाई एक पाऊल पुढे आल्या. "तुझ्या गाडीत कुठलं पाणी आहे?"

हॉर्न्यानं खाली बघत हात पुसायला घेतले.

"सांग ना. मागच्या उन्हाळ्यात टाकीतली पातळी कमी दिसली म्हणून तू वरून पाणी घातलंस. कुठल्या नळाचं?"

"तूच म्हणालीस मशीनचं घाल."

"म्हणाले. आणि मीठ कोण ओततं त्या मशीनमध्ये? मी वय झालं म्हणून घातलं म्हणतोस. तू का घातलंस?"

बाईंनी तळहात पुढे केला.

"ठेव तुझी किल्ली इथं. तुलाही घरी बसवू. सूनबाई दोघांना चहा करून देईल."

हॉर्न्याला हसू आवरेना, म्हणून तो बॉनेटमध्ये वाकला. पण मुलगा हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"विषय पाण्याचा नाहीये, आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला. "मला कुणीतरी फोन केला की तुमच्या आईची गाडी चढावर धुमसतीये. मी आलो तेव्हा गाडी दिसली, वाफ दिसली, आणि आत तू नव्हतीस. तू बांधावर बसली होतीस, मला काय माहीत? तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत माझं काय झालं ते तुला कधी कळणार नाही. तेव्हाच मी ठरवलं, किल्ली ठेवून घ्यायची."

बाईंनी हात खाली घेतला. हे तो आठवडाभर बोलला नव्हता. पोराच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पाहिलं. पण म्हणून त्या विरघळल्या नाहीत.

"तू घाबरलास, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन गेलास तेव्हा मी खिडकीशी उभी होते, तू येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तुझी किल्ली लपवली नाही. तुझी भीती तू सांभाळ. मी तिच्यासाठी घरी बसणार नाही."

"मग काय करू मी?"

"शेजारच्या सीटवर बस. त्याच गाडीत, त्याच चढावर. ब्रेक तुझ्या पायाखाली असेल. चढ संपेपर्यंत तो दाबायची खरी गरज एकदा जरी पडली, तर किल्ली तुझी, गाडी वीक, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. नाही पडली तर किल्ली खुंटीवर, आणि हा विषय माझ्या जिवंतपणी पुन्हा निघायचा नाही."

मुलानं हॉर्न्याकडे पाहिलं. हॉर्न्यानं मान डोलावली.

नवा रेडिएटर बसला त्या दिवशी सकाळीच बाई गॅरेजमध्ये हजर झाल्या, डिस्टिल्ड पाण्याचे कॅन घेऊन. कॅनवरचं बारीक अक्षर त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग झाकण उघडून चमचाभर पाणी तळहातावर घेतलं आणि चाटलं. कसलीच चव नव्हती.

"बाई, मी करतो," हॉर्न्या म्हणाला.

"तू बघ फक्त."

आधी इंजिन आतून नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुतलं. पहिलं पाणी गढूळ आलं, पुढचं फिकट, शेवटचं निवळ. मग बाईंनी स्वच्छ बादलीत कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं, रेडिएटरमध्ये हळूहळू ओतलं, इंजिन चालू करून हीटर लावला आणि रबरी नळी दाबून दाबून आतली हवा बाहेर काढली. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं. मुलाच्या गाडीचंही सगळं पाणी त्यांनी त्याच दिवशी बदलून घेतलं.

दुपारी ते निघाले. मुलगा शेजारी बसला. त्याचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर टेकला होता आणि एक हात दाराच्या कडीला होता.

"पेडलवर पाय टेकवून ठेवू नकोस, बाजूला ठेव," बाई म्हणाल्या. "लागेल तेव्हा ने."

त्यानं पाय उचलला. चढाचा पाया आला तसा पुन्हा ठेवला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी गिअर खाली घेतला आणि गाडी चढाला लावली. तापमानाचा काटा मधोमध होता. मागच्या वेळी गाडी तापली ती जागा गेली, तो बांध गेला. मुलानं बांधाकडे मान वळवून पाहिलं.

आंधळ्या वळणाच्या अलीकडे बाईंनी वेग आधीच उतरवला होता, गाडी कडेला धरली होती. वळणावरून एक मोटरसायकल मधूनच खाली आली. तिला जायला जागा पुरेशी होती, बाईंनी ती करून ठेवली होती. पण मुलानं डोळे मिटले आणि ब्रेक दाबला.

गाडीला आचका बसला, इंजिन बंद पडलं. मोटरसायकल शेजारून निघून गेली. मागे एक भरलेला ट्रक चढत येत होता, त्यानं लांबलचक हॉर्न दिला.

"सॉरी," मुलगा म्हणाला. त्याचा पाय अजून पेडलवरच होता. "सॉरी, आई."

"गरज होती?"

त्यानं मागे वळून मोटरसायकल गेली तिकडे पाहिलं. "नाही."

"मग पाय काढ. तू ब्रेक धरून ठेवलास तर मी गाडी काढू कशी?"

बाईंनी हँडब्रेक ओढला. इंजिन चालू केलं. मागचा ट्रक आता चांगलाच जवळ आला होता, गाडी तसूभर मागे आली असती तरी त्याच्या नाकावर बसली असती. बाईंनी घाई केली नाही. क्लच अर्ध्यावर आणला, गाडीचं नाक जरासं उचललं गेलं ते त्यांना हातात कळलं, आणि मग हँडब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न येता पुढे निघाली. ट्रकवाल्यानं हॉर्न बंद केला.

पुढचं वळण त्याहून अवघड होतं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. बाईंना शेजारी काहीतरी हालचाल जाणवली. त्यांना वाटलं, पोरानं पुन्हा ब्रेकवर पाय ठेवला. नजर रस्त्यावरच ठेवून त्या म्हणणारच होत्या, उचल.

पण मुलानं दोन्ही पाय वर घेतले होते. चपला खाली काढून, पट्टा लावलेल्या अवस्थेत, पिकल्या केसांचा तो माणूस सीटवर मांडी घालून बसला होता. हात मांडीवर. ब्रेकचं पेडल खाली मोकळं होतं.

बाईंच्या ओठांवर 'शाबास' आलं. ते त्यांनी गिळलं. शिकाऊ माणसाला चढावर शाबासकी द्यायची नसते.

"मुंग्या येतील पायाला," त्या म्हणाल्या.

"येऊ देत," मुलगा म्हणाला. "तू रस्त्याकडे बघ."